व्हिएन्नात पायी पायी

व्हिएन्नाला जायचे ठरले तेव्हा स्नेह्यांनी प्रेक्षणीय स्थळांची लांबलचक यादी हाती दिली. ती मी पेटीच्या तळाशी घातली आणि सहा दिवस नुसता चाललो. जुन्या गावाभोवतीचा कोट पाडण्याचा हुकूम बादशहा फ्रान्ट्स योझेफ याने १८५७ साली काढला, व त्या जागी झालेला रिंगश्ट्रासे हा प्रशस्त रस्ता १८६५ साली खुला झाला. कोट गेला, आतल्या गल्ल्या मात्र वाकड्या त्या वाकड्याच राहिल्या. आमच्या बडोद्यातही लहरीपुरा, पाणी, चांपानेर, गेंडी ही दरवाज्यांची नावे अजून तोंडी आहेत, तेव्हा नसलेल्या कोटाच्या कडेने चालण्याची सवय पायांना होतीच.

पहिले दोन दिवस पाहुण्यासारखे गेले. सेंट स्टीफनच्या मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या चढून धापा टाकल्या. कॉफीगृहात एका पेल्यावर दीड तास काढला. कॉफीबरोबर तबकातून पाण्याचा पेला येतो, दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रे वाचायला मिळतात आणि ‘उठा’ असे कोणी सुचवीतही नाही. संध्याकाळी ऑपेरागृहात उभ्याच्या जागेचे स्वस्त तिकीट काढले. १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळालेले हे नाट्यगृह १९५५ साली पुन्हा उघडले. येथे लोक जागा राखण्यासाठी कठड्याला मफलर बांधून खुशाल फिरायला जातात, आणि ती गाठ कोणी सोडत नाही. मी आपला खिशातला रुमाल बांधला. परत आलो तो जागच्या जागी!

तिसऱ्या दिवशी पाय झिंगरश्ट्रासेकडे वळले. सेंट स्टीफनपासून हाकेच्या अंतरावर ट्यूटॉनिक सरदारसंघाचा जुना वाडा आहे. साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या लवाजम्याबरोबर १७८१ साली मोत्सार्ट येथे उतरला होता. त्याचे जेवण नोकरांच्या टेबलावर असे: खासे हुजरे वरच्या अंगाला, आणि हा आचाऱ्यांच्या वर, एवढाच काय तो मान. ही तक्रार त्याने स्वतःच वडिलांना पत्रातून कळवली आहे. त्याने चाकरी सोडली, आणि निरोपादाखल आर्चबिशपच्या कारभाऱ्याची लाथ खाल्ली.

त्या चौकात मी बराच वेळ उभा राहिलो. माझे वडील दरबारी तबलजी. सोळाव्या वर्षी ते चाकरीला लागले. १९४९ साली संस्थान विलीन होऊन दरबार सरला तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे शिकवण्या आणि बैठका यांवर घर चालले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दहा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर एका बड्या घरच्या लग्नात गेलो होतो. वाजवणे झाल्यावर आमची पाने ओसरीवर नोकरांच्या पंगतीत वाढली. वडील खाली मान घालून जेवले, वर ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणाले. त्या जेवणाचा राग मी त्यांच्यावरच धरला, आणि तो पुष्कळ वर्षे पुरला. मोत्सार्ट निघून गेला, तुम्ही का नाही उठलात, हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. आता विचारायला ते नाहीत.

पाचव्या दिवशी मारियाहिल्फ भागातले हायडनचे घर शोधीत गेलो. घर साधे, मागे लहानशी बाग. हायडनने १७६१ साली एस्टरहाझी सरदारांकडे चाकरी धरली. त्याच्या करारनाम्यात पांढरे मोजे, पांढरे कपडे, केसांना पावडर आणि मागे वेणी असा पोशाख बांधून दिलेला होता; रोज दुपारच्या आधी आणि नंतर बाहेरच्या दालनात हजर राहून ‘आज्ञा काय’ म्हणून विचारायचे, हेही कलम होते. आमच्या घरी ट्रंकेत अंगरखा आणि पागोटे डांबराच्या गोळ्या घालून जपलेले आहे, त्याची मला आठवण झाली. १७९० साली धनी वारला, नव्या धन्याने बहुतेक वादकांना निरोप दिला, आणि हायडन पेन्शन घेऊन मोकळा झाला. तोवर २९ वर्षे तो गणवेश त्याच्या अंगावर होता आणि त्याच गणवेशात त्याने सिंफनींमागून सिंफनी रचल्या. आज जगभर जी चार तंतुवाद्यांची बैठक चालते, तीही त्यानेच तेव्हा घडवली. खाली मान घालून जेवणारा माणूस मनात काय वाजवीत असतो, ते शेजारच्या पानावरच्या मुलाला कसे कळणार?

१८०९ च्या मे महिन्यात नेपोलियनच्या तोफा व्हिएन्नावर चालू असताना हायडन याच घरात होता. वय ७७, अंगात त्राण नाही. तरीही सम्राटासाठी १७९७ साली बांधलेले स्तवन तो रोज पियानोवर वाजवी. ३१ मे रोजी त्याने देह ठेवला.

हे वाचून मी खिडकीपाशी गेलो. माझ्या वडिलांना अखेरच्या दिवसांत माणसे ओळखू येत नव्हती. पण खाटेच्या कठड्यावर बोटे चालत. मी उशाशी बसून मात्रा मोजी. विलंबित तीनताल असे, आणि सम एकदाही चुकली नाही.