सातचा भोंगा आणि आर. के. पुरमची संध्याकाळ

दक्षिण दिल्लीतील आर. के. पुरम, अर्थात रामकृष्णपुरम, ही मुख्यतः केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. बँकेतील बदलीमुळे आम्हीही याच परिसरात राहतो. येथे हवेची गुणवत्ता मोजणारे केंद्र आहे आणि हिवाळा लागला की येथील आकडा वृत्तपत्रांत झळकू लागतो. आकडा चढला की मुलांचे मैदान बंद होते आणि हाती उरतो तो मोबाईल. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी तर प्रदूषणनियंत्रणाचा चौथा टप्पा लागू झाला आणि दहावी-बारावी वगळता दिल्लीतील वर्ग ऑनलाईन भरू लागले; लगोलग त्या दोन इयत्ताही घरी बसल्या. शाळाच पडद्यावर आल्यावर 'मोबाईल ठेव आणि बाहेर खेळायला जा' हा आपला नेहमीचा उपदेश करावा तरी कसा?

मुलांच्या पडद्याचे तास मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या बालकांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला. शाळकरी मुलांसाठी मात्र तिने असा नेमका आकडा दिलेला नाही. करोनाकाळात, जुलै २०२० मध्ये, केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोन, तर नववी ते बारावीसाठी चार तासिकांची मर्यादा घातली. ती शिकवण्याची मर्यादा होती. तासिका संपल्यावर तोच मोबाईल मुलाच्याच हाती राहिला, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

शाळेच्या आवारापुरता प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ च्या निकालात हाताळला. सरसकट बंदी इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही. शक्य तेथे शाळेत आल्यावर मोबाईल जमा करावा आणि त्याचा जबाबदार वापर मुलांना शिकवावा, असा त्याचा रोख आहे. राहता राहिली घरातील संध्याकाळ.

या संध्याकाळीवरचा मला पटलेला उपाय सांगली जिल्ह्यातला आहे. तो प्रथम सांगितला आमच्या विट्याच्या सासूबाईंनी. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. टाळेबंदीनंतर मुले मोबाईलला चिकटलेलीच राहिली, म्हणून १४ ऑगस्ट २०२२ रोजी महिलांच्या ग्रामसभेत ठराव झाला. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने मंदिरावर भोंगा बसला. सायंकाळी सातला तो वाजे आणि साडेआठपर्यंत घरोघरी दूरदर्शन संच व मोबाईल बंद. हे जमेल का, अशी शंका आरंभी होतीच. परंतु आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन समजावीत राहिले.

या उपक्रमातील मर्म माझ्या मते असे, की भोंगा मुलांसाठी नव्हता, गावासाठी होता. आईची मालिका आणि वडिलांचा मोबाईल यांनाही तोच नियम. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. मुलाला रागे भरणाऱ्या बापाच्या दुसऱ्या हातात शाखेच्या गटावरचा संदेश उघडा असतो. (हा बाप कोण, हे आमच्या सहकाऱ्यांना सांगावयास नको.)

दिल्लीच्या सदनिकेत भोंगा नाही, आणि अडचण निराळीच आहे. घरापासून दीड हजार किलोमीटरवर राहणाऱ्या कुटुंबाला मोबाईल हाच आजीचा आवाज असतो, तो बंद करणे सोपे नाही. आम्ही सात ते साडेआठची वेळ धरली. दिवाणखान्यातील एका डब्यात सगळ्यांचे मोबाईल, माझा पहिला. पहिले आठ दिवस कन्येपेक्षा मीच अधिक अस्वस्थ होतो. दाराची घंटा वाजली तरी हात खिशाकडे जाई. हवा कशीही असो, या दीड तासाला मैदान लागत नाही, ही येथील जमेची बाजू.

आणखी एक गोष्ट बँकेच्या माणसाला सांगितलीच पाहिजे. मोबाईल हे आता घरातील पैशाचे कपाटही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाईन खेळ प्रतिबंधित झाले आणि त्यांचे व्यवहार करण्यास बँकांनाही मनाई झाली. परंतु साध्या खेळांतही पोशाख नि शस्त्रे विकत घेण्याची सोय असते आणि यूपीआयचा पिन पुष्कळ घरांत मुलांना तोंडपाठ असतो. तो आजच बदलावा, ऑटोपेच्या मंजुऱ्या तपासाव्यात. दहा वर्षांवरील मुलांना आपले बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना दिली आहे. किती रकमेपर्यंत, हे ज्या त्या बँकेने ठरवावयाचे. आईच्या खात्यातून गुपचूप खर्चण्यापेक्षा स्वतःच्या खात्यातील शिल्लक घटताना पाहणे मुलाला अधिक शिकविते, असा माझा अनुभव आहे.

सासूबाईंना नवी वेळ कळविली तेव्हा त्या किंचित रुसल्या. सात वाजता, दिवा लावून झाला की नातीला पाहण्याची त्यांची सवय होती. आता विट्याहून फोन साडेआठला येतो. कन्या डब्यातून आधी तिच्या आईचा मोबाईल काढते, कारण आजी त्याच क्रमांकावर बोलते.