घर वाढवताना : ठेक्याचा करार कसा करावा?

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने गवंड्याशी व्यवहार नक्कीच केला असावा. नवे घर बांधण्याचा योग आयुष्यात एखाद्याच वेळी येतो. पण असलेल्या घराला एक खोली जोडण्याचा प्रसंग आपल्या परिसरात घरोघरी येतो. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीमुळे कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली अशा गावांतून भाड्याच्या खोल्यांना मागणी असते. घरातील मुलाचे लग्न ठरते, भाडेकरू मिळण्याची आशा असते, आणि वर्षानुवर्षांची शिल्लक, भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम किंवा सोसायटीचे कर्ज दोन-चार महिन्यांत विटा-सिमेंटमध्ये जाते.

येथे एक विसंगती सहज नजरेस येते. वसाहतीतील कारखान्यात साधा सुटा भाग करायचा झाला, तरी आधी नकाशा येतो, मापे ठरतात, माल तपासला जातो आणि मगच बिल निघते. त्याच कारखान्यात काम करणारा माणूस घराचे काम मात्र तोंडी बोलीवर देतो. कागद करू या म्हटले, तर ठेकेदार म्हणतो, ‘‘आमच्यावर भरवसा न्हाई व्हय?’’ तो बहुधा भावकीतला किंवा पाव्हणा असतो. त्यामुळे विषय तेथेच संपतो. वस्तुतः लेखी करार हा अविश्वासाचा नसून स्मरणाचा कागद आहे. चार महिन्यांपूर्वी काय ठरले, हे दोघांनाही सारखेच आठवेल याची हमी कोणी द्यावी?

1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार सज्ञान व्यक्तींनी राजीखुशीने, कायदेशीर हेतूने व मोबदल्यासाठी केलेला तोंडी करारही सामान्यतः ग्राह्य असतो. अडचण असते ती सिद्ध करण्याची. म्हणून योग्य रकमेच्या स्टॅम्पपेपरवर दोन साक्षीदारांसह करार करावा व प्रत दोघांकडे ठेवावी. त्याआधी परवानगी पाहावी. ग्रामपंचायत हद्दीत बांधकामास पूर्वपरवानगी लागते. वसाहतीच्या अधिसूचित क्षेत्रात नियोजनाचे अधिकार औद्योगिक विकास महामंडळाकडे असतात. परवानगी कोणी काढायची, हेही करारात यावे.

पहिला प्रश्न ठेक्याच्या प्रकाराचा. केवळ मजुरीचा ठेका असेल, तर सिमेंट, सळई, वाळू, खडी मालकाने आणायची. नासाडी झाली तर भुर्दंड मालकाला. साहित्यासह ठेका असेल, तर मालाची प्रत लिहून घेणे आवश्यक. ‘‘काम चांगल्या प्रतीचे करावे’’ या वाक्याला काही अर्थ नाही. सिमेंटचा प्रकार, सळईची जाडी व अंतर, काँक्रीटचे प्रमाण, दारे-खिडक्या, फरशी, गिलाव्याची जाडी हे सारे नमूद हवे. भारतीय मानकानुसार आर.सी.सी. कामास किमान एम 20 काँक्रीट लागते. ते सर्वसाधारणपणे 1 भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि 3 भाग खडी असे धरतात.

दुसरा प्रश्न मापाचा. बहुतेक तंटे येथेच उद्भवतात. समजा, आतून 12 फूट × 15 फूट अशी खोली वाढवायची आहे आणि 15 फुटांच्या एका बाजूस जुन्या घराचीच भिंत आहे. आतील क्षेत्र 180 चौरस फूट. पण उरलेल्या तिन्ही भिंती 9 इंची धरून बाहेरून मोजले, तर ते सुमारे 210 चौरस फूट होते. दर चौरस फुटास 1,500 रुपये मानल्यास नुसत्या मोजण्याच्या पद्धतीने 45,000 रुपयांचा फरक पडतो. छज्जा, जिना, पॅरापेट, पाण्याची टाकी यांची मोजणी कशी, हेही लिहावे.

वाढीव कामाची स्वतःची अशी काही कलमे असतात. जुन्या घराचा पाया बसलेला असतो, नवा अजून बसायचा असतो; त्यामुळे जोडावर भेग पडू शकते. जोड कसा करायचा, जुनी भिंत फोडताना धक्का बसल्यास दुरुस्ती कोणाची, राडारोडा कोण उचलणार, छपराचे पाणी कोणीकडे सोडणार, हे आधी ठरवावे. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या जिल्ह्यात जोत्याची उंची आकड्यात लिहावी, हे सांगायला नकोच.

तिसरा प्रश्न पैशांचा. उचल जितकी मोठी, तितके काम सावकाश, असा अनुभव सांगितला जातो. म्हणून रक्कम टप्प्यांनी द्यावी. उदाहरणार्थ, बयाणा 10 टक्के, जोते झाल्यावर 20, लिंटेलला 15, स्लॅब पडल्यावर 25, गिलाव्यानंतर 15, फरशी-रंगानंतर 10 आणि उरलेले 5 टक्के एक पावसाळा गेल्यावर. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. ऐनवेळी सुचलेले जादा काम दर ठरवून, सही झाल्याशिवाय सुरू करू नये.

मुदतीचे कलम लिहिताना दंडाचा मोठा आकडा घालून समाधान मानू नये. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देते. लिहिलेला आकडा ही केवळ कमाल मर्यादा ठरते. घाईचाही अतिरेक नको. मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान 7 दिवस पाणी मारावे लागते, आणि साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस काढता येत नाहीत. मालकाने पैसे थकवल्यास काम थांबवण्याची मुभा ठेकेदारालाही हवी. एकतर्फी करार टिकत नाही. मजूर अपघाताची जबाबदारी कोणाची, तेही लिहावे.

एवढे करूनही वाद झालाच, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली घरबांधणी ही सेवा मानली जाते आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तेथेही पहिला प्रश्न येतो, ‘‘कागद आहे काय?’’

कला शाखेच्या विद्यार्थ्याला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. संदिग्ध वाक्य ओळखणे आणि नेमके वाक्य लिहिणे हाच तर आपला अभ्यास. घरी वडील ठेकेदाराशी बोलणी करीत असतील, तेव्हा वही-पेन घेऊन शेजारी बसावे, ठरेल ते साध्या मराठीत उतरवावे आणि दोघांना मोठ्याने वाचून दाखवावे.