श्रेय कोणाचे?
प्रिट्झकर पारितोषिक, म्हणजे वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, १९९१ मध्ये एकट्या रॉबर्ट व्हेंचुरी यांना मिळाले. त्यांच्या पत्नी व सहवास्तुकार डेनिस स्कॉट ब्राऊन यांना त्यात वाटा द्यावा ही मागणी २०१३ मध्ये फेटाळली गेली, आणि हा निर्णय समर्थनीय वाटत नाही. याउलट १९७७ मध्ये स्थापन झालेला, दर तीन वर्षांनी दिला जाणारा आगा खान वास्तुकला पुरस्कार व्यक्तीऐवजी प्रकल्पाला गौरवितो आणि त्याची रक्कम वास्तुकार, अभियंते, कारागीर, बांधणारे व बांधून घेणारे यांच्यात विभागली जाऊ शकते. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी आखलेल्या इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीला १९९५ मध्ये तो मिळाला. तेथे रहिवाशांनीच, मूळ गाभ्याभोवती, ऐपतीप्रमाणे घरे वाढवली.