पैलवानकी रक्तात असते का? जनुक चाचणीवर पैसे घालण्याआधी हे वाचा

इंदूरचा आखाडा असो की बेळगाव-कोल्हापूरकडची तालीम, पोर अंगानं भरलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "याच्या रक्तातच कुस्ती आहे." आता ते 'रक्तातलं' तपासून देतो म्हणणाऱ्या खासगी जनुक चाचण्या निघाल्यात. गालाच्या आतून नमुना घ्यायचा आणि मूल ताकदीच्या खेळाचं की दमाच्या, हे अहवालात सांगायचं. यात तथ्य किती?

'वेगाचं जनुक' म्हणजे काय?

आपल्या स्नायूंत मुख्यतः दोन प्रकारचे तंतू असतात. जलद तंतू झटक्यात जोर लावतात, पण लवकर थकतात. संथ तंतू जोर कमी लावतात, पण टिकतात. जलद तंतूंतलं एक प्रथिन 'एसीटीएन-3' या जनुकामुळे बनतं. जगात साधारण पाचातल्या एकात ते बनतच नाही, आणि त्याचा त्याला काही आजारही होत नाही. 2003 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना अव्वल वेगवान धावपटूंमध्ये अशी माणसं फारच कमी आढळली. तिथून या जनुकाला 'वेगाचं जनुक' हे नाव चिकटलं.

पण कुस्ती म्हणजे शंभर मीटरची शर्यत नव्हे

ऑलिंपिक कुस्तीत आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या होतात. पट काढायला झटका लागतो, शेवटपर्यंत टिकायला दम लागतो आणि डाव ओळखायला डोकं. त्यात वजनगट असतात. इंदूरचे पप्पू यादव 1992 आणि 1996 च्या ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमनच्या 48 किलो गटात लढले. म्हणजे आडदांड शरीर हीच पैलवानाची खूण नाही.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं, की माणसामाणसांतल्या ताकदीच्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा ढोबळमानानं निम्मा असतो. पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे. एकट्या 'एसीटीएन-3'चा हिस्सा अगदी छोटा.

खाशाबांचं उदाहरण

गोळेश्वरचे खाशाबा जाधव पैलवानाचेच चिरंजीव. वडिलांकडून त्यांना जनुकं मिळाली, तसे लहानपणापासून डावही मिळाले. यातलं कशामुळे किती, हे कोण वेगळं काढणार? 1948 ला लंडनमध्ये ते सहावे आले, तेव्हा मॅटची कुस्ती त्यांना नवी होती. 1952 ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. चार वर्षांत जनुकं बदलली नव्हती. तयारी आणि अनुभव वाढला होता.

मग पालकांनी काय करावं?

2015 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं स्पष्ट सांगितलं, की मुलांमधली खेळाची गुणवत्ता हेरण्यासाठी अशा चाचण्या वापरू नयेत. अहवालात 'दमाचा खेळ' असं आलं म्हणून पोराला किंवा पोरीला तालमीतून काढू नका. वर्ष-दोन वर्षं वस्तादांच्या नजरेखाली घाम गाळू द्या. त्यातून जास्त कळेल.

आनुवंशिकतेचा एक प्रश्न मात्र जरूर विचारा: घरात कुणी तरुणपणी अचानक हृदय बंद पडून गेलंय का? हृदयाचे काही आजार पिढीजात असतात आणि जोराच्या व्यायामात ते जिवावर बेतू शकतात. उत्तर 'हो' असेल, किंवा मूल व्यायाम करताना चक्कर येऊन पडत असेल, तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. ते 'चालेल' म्हणाले की मगच लंगोट.