लहान बाळ, जास्त इन्सुलिन: तीस वर्षांचा मागोवा

1993 साली सिंथिया केन्यन यांनी दाखवून दिले की डॅफ-2 या एकाच जनुकात बिघाड झालेला इवलासा सूत्रकृमी दुप्पट जगतो. 1997 मध्ये उलगडले की हे जनुक इन्सुलिन आणि आयजीएफ-1 या वाढ-घटकाचा संदेश झेलणाऱ्या ग्राहीच्या कुळातले आहे. संदेश मंदावला की पेशी वाढ आवरून डागडुजीला लागते. त्याआधी, 1996 मध्येच, वाढीचे संप्रेरक नसलेले खुजे उंदीर जास्त जगतात हेही दिसले होते. मग पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भात, नाचणी, वरईवर वाढलेल्या, अंगाने किरकोळ माणसांना हे दीर्घायुष्य आयतेच मिळायला हवे, असे कुणी म्हणेल. हा तर्क फसवा आहे, आणि त्याचे उत्तर याच जिल्ह्यात सापडले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून जिल्ह्यातल्या सहा गावांत गर्भवती आणि त्यांची बाळे अभ्यासली. बाळांचे सरासरी जन्मवजन 2.7 किलो, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमध्ये 3.5. पण खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने मोजली, तेव्हा चरबी फारशी घटलेली नव्हती. घटले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तर पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा इन्सुलिन जास्त निघाले. खुज्या उंदराचे इन्सुलिन कमी असते आणि तेवढेही त्याला पुरते. आपले बाळ जन्मतःच जास्त इन्सुलिन घेऊन येते. म्हणजे अंगाचा लहानपणा सारखा दिसला तरी आतला कारभार उलटा.

यावर आक्षेप असा की मधुमेहातही इन्सुलिनचा संदेश मंदच पडतो, मग त्याने आयुष्य का वाढत नाही? कारण तो सगळीकडे सारखा मंदावत नाही. रक्तातली साखर हटत नाही, पण यकृत चरबी बनवतच राहते. शिवाय इक्वाडोरमधल्या लॅरॉन सिंड्रोमच्या लोकांत, ज्यांचे आयजीएफ-1 फार कमी असते, मधुमेह आणि कर्करोग जवळजवळ दिसत नाहीत, तरी त्यांचे आयुष्य लक्षणीय वाढलेले नाही. 2011 च्या अभ्यासाने हे नोंदवले आहे.

म्हणून डिंभे धरणाच्या पाण्यावर ऊस-टोमॅटो पिकवणाऱ्या पूर्व पट्ट्यातल्या माणसाला पथ्य सांगणे रास्त, पण पोटाला चिमटा काढून दीर्घायुष्य मिळते असे पश्चिम पट्ट्यातल्या आईला सांगणे घातक. याज्ञिकांच्या गटाने 2008 मध्ये गर्भवतींमधली बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता आणि सोबतचे जास्त फोलेट यांचा संबंध मुलांच्या सहाव्या वर्षीच्या इन्सुलिन-प्रतिरोधाशी जोडला, आणि 2012 पासून याच मुलांना, तेव्हा किशोरवयीन, पालक होण्याआधीच बी-12 देऊन पाहिले. दूध, अंडी, बी-12 लग्नाआधीच मुलींपर्यंत पोहोचवण्याचे काम घोडेगाव आणि जुन्नरच्या आश्रमशाळांतून सुरू करता येईल.