नदीचा सातबारा

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या दर्शनी भिंतीवर तीन खुणा आहेत. सगळ्यात खालची २००५ ची. गल्लीत पावणेदोन फूट पाणी होते, पण जोते तीन फुटांचे, म्हणून घर कोरडे राहिले. मधली २०२१ ची. त्या वर्षी पाणी उंबऱ्याला टेकले आणि परत फिरले. सगळ्यात वरची २०१९ ची. ती गल्लीपासून साडेपाच फुटांवर आहे. त्या ऑगस्टमध्ये माजघरात मांडीभर पाणी होते, आणि आईच्या लग्नातला शिसवी पाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत तरंगत गेला होता.

या खुणा करण्याची पद्धत आजीची. ती कोळशाने रेघ ओढायची. आम्ही ऑइलपेंट वापरला. आजी म्हणायची, पाहुणा कुठवर येऊन गेला ते लक्षात असलेले बरे, पुन्हा आला की अंथरूण कुठे घालायचे ते कळते. लहानपणी आम्हाला याचे हसू यायचे. गेल्या उन्हाळ्यात मात्र त्याच रेघांनी माझी झोप उडवली.

झाले असे, की एके दिवशी वहिनींचा फोन आला. "भावजी, रविवारी या. ह्यांनी प्लॉट बघितलाय. विसारसुद्धा दिलाय." दादा शाळेतून निवृत्त झालेला. पुतण्याचे लग्न ठरत आलेले. जुन्या घरात जागा अपुरी, म्हणून फंडाच्या पैशातून दोन गुंठे घ्यायचे आणि उरलेल्यासाठी मुलाच्या नावावर कर्ज काढायचे, असा बेत होता. मी पस्तीस वर्षे बँकेत काढलेली, तेव्हा कागद माझ्या नजरेखालून जावेत एवढीच त्यांची अपेक्षा.

प्लॉट पाहिला. वैशाखातली संध्याकाळ, नदी तळाशी गेलेली, गार वारा, पलीकडे उसाचा फड. घाट पाच मिनिटांवर आणि दर इतर ठिकाणच्या निम्मा. कोणालाही मोह पडावा अशीच जागा. शेजारच्या शेतात मोटारीची खोली होती. तिच्या भिंतीवर मातकट पट्टा दिसला. मी जवळ जाऊन हात वर केला. पट्टा माझ्या हाताच्या वरून, छपराच्या जरा खालून गेला होता.

"हे काय?" मी विचारले.

"२०१९ चं," प्लॉट दाखवणारा सहजपणे म्हणाला. "तसा पूर काय रोज येतोय व्हय, साहेब? आणि आपण चार फूट भराव टाकून देतोय की."

दादा माझ्याकडे बघत होता. मी तेव्हा काही बोललो नाही. घरी आलो आणि जुनी भूगोलाची पुस्तके काढून बसलो.

नदीची दोन पात्रे

आपण नदी म्हणतो ते तिचे रोजचे पात्र. पण प्रत्येक नदीला आणखी एक, मोठे पात्र असते. पावसाळ्यात पाणी काठात मावेनासे झाले की ते दोन्ही बाजूंना पसरते, संथ होते आणि बरोबर आणलेला गाळ तिथे टाकते. हजारो वर्षांच्या या गाळातूनच नदीकाठची काळीभोर जमीन तयार झाली. भूगोलात तिला पूरमैदान म्हणतात. आपल्याकडे ऊस, हळद आणि वांगी ज्या जमिनीवर पोसली जातात, ती पुरानेच दिलेली आहे. जुन्या माणसांनी तिथे पिके घेतली, गुरे चारली. घर मात्र उंचवट्यावर बांधले. सातबारा आपल्या नावावर असेल, पण दहा-पंधरा वर्षांतून काही दिवस तिथे वहिवाट नदीची असते.

सांगलीची गोष्ट तर आणखी निराळी. महाबळेश्वरहून येणाऱ्या कृष्णेला कराडला कोयना मिळते. सांगली ओलांडताच हरिपूरला वारणा मिळते आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. सह्याद्रीवर एकदम पाऊस झाला की या सगळ्या एकाच वेळी भरून येतात. खालची वारणा तुडुंब असली की कृष्णेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. ते मागे तुंबते आणि फुगवटा शहरात चढतो. शिवाय पाणी नेहमी काठावरूनच येते असे नाही. नाल्यातून ते उलटे शिरते आणि नदी दिसतही नसलेल्या कॉलनीत मागच्या दाराने हजर होते. शहरातले ओत आणि नाले आपण बुजवले, पण पाणी आपली जुनी वाट विसरले नाही.

आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. २००५ साली पाणी जवळपास ५४ फुटांवर गेले, २०१९ साली साडेसत्तावन्नवर आणि २०२१ साली ५५ च्या आसपास. सोळा वर्षांत तीनदा! मग 'रोज येतोय व्हय' या प्रश्नाचे उत्तर काय द्यायचे?

'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे काय?

इथे एक मोठी गैरसमजूत आहे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निश्चिंती, असे आपण धरून चालतो. त्याचा खरा अर्थ, तेवढा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक. पंचवीस वर्षांच्या पुराची शक्यता दरवर्षी शंभरात चार. यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. नाणे फेकताना आधी काय पडले ते नाण्याच्या लक्षात नसते, तसेच हे.

आता बँकवाल्याचा हिशेब ऐका. गृहकर्जाची मुदत वीस वर्षांची धरू. त्या वीस वर्षांत पंचवीस वर्षांचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात सुमारे ५६, म्हणजे निम्म्याहून जास्त. शंभर वर्षांचा पूर येण्याची शक्यता शंभरात १८. हे गणित दहावीतल्या मुलालाही करता येईल. मी मात्र पस्तीस वर्षांत ते एकदाही केले नाही. कर्जदाराचा पगार पाहिला, जामीनदार पाहिले, जमिनीचे टायटल पाहिले. ती जमीन पाण्याखाली जाते का, हे विचारले नाही. त्यातली काही घरे मी २०१९ साली बोटीतून पाहिली. कर्जाच्या कागदावर सही माझी होती. हे सांगताना आजही संकोच वाटतो.

निळी रेषा, लाल रेषा

यावर उपाय नाही असे नाही. आपल्या राज्यात जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोचते ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. दोन्ही काठांच्या निळ्या रेषांमधला भाग निषिद्ध क्षेत्र. तिथे शेती, बाग, खेळाचे मैदान चालेल, घर नाही. निळ्या आणि लाल रेषेमधला भाग नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधकाम अटींवर करायचे, जोते पुराच्या पातळीच्या वर ठेवायचे, आणि माणसे वेळेत बाहेर काढण्याची सोय हवी.

केंद्रीय जल आयोगाने पूरमैदानाच्या विभागणीसाठी नमुना कायदा १९७५ सालीच राज्यांकडे पाठवला होता. १९७८ साली मणिपूरने आणि १९९० साली राजस्थानने असा कायदा केला. बहुतेक राज्ये मात्र स्वस्थ बसली. नकाशावर रेघ ओढणे सोपे, आणि त्या रेघेच्या आत ज्याची जमीन आहे त्याला ती मान्य करायला लावणे अवघड. पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीच्या माळावर जागा मिळाल्या, तरी अनेकांचा संसार जुन्या गावातच राहिला. शेत खाली, गोठा खाली, मग माणूस वर कसा जाणार? पूरपट्ट्यात राहणारा प्रत्येक जण हौसेने राहतो असे नाही. स्वस्त जागा तिथेच मिळते, म्हणून तो तिथे जातो.

मग भराव टाकला तर? चार फूट भरावाने आपले घर चार फूट उंच होईल, पण तेवढे पाणी शेजारच्याच्या घरात जाईल. नदी जागा सोडत नाही, फक्त बदलून घेते. काठाने भिंत बांधली तर लहान पूर अडतो आणि लोकांना धीर येतो. त्या धिरावर आणखी घरे उठतात, आणि एखाद्या वर्षी पाणी भिंतीवरून आले की नुकसान दुप्पट होते. धरणेही पूर कमी करू शकतात, पण त्यासाठी पावसाळ्यात त्यात रिकामी जागा राखावी लागते. धरणाखालच्या मुलखात कोसळलेला पाऊस तर कोणतेच धरण अडवू शकत नाही. दर पुरानंतर आपण कोणत्या धरणाचे दरवाजे कधी उघडले यावर भांडतो. तो प्रश्न विचारलाच पाहिजे. पण आपण पाण्याच्या वाटेत कधी येऊन बसलो, हेही विचारायला हवे.

पुराशी जमवून कसे घ्यावे हे पाहायचे तर नृसिंहवाडीला जावे. पाणी चढू लागले की उत्सवमूर्ती उंचावर हलवतात. पाणी उत्तरेकडच्या दाराने देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वार सोहळ्यात लोक भक्तिभावाने स्नान करतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण पाण्याला यायला एक दार आणि जायला दुसरे दार ठेवण्याचे शहाणपण सगळ्यांनीच घेण्यासारखे आहे.

दादाचा निर्णय

सोमवारी मी दादाला घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात गेलो. नकाशा पसरला. प्लॉटचा गट नंबर शोधायला दहा मिनिटे लागली. तो निळ्या रेषेच्या आत होता, तोही चांगला आत. दादा बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एकावन्न हजार गेले म्हणायचे."

"गेले," मी म्हणालो. "पण तेवढेच गेले."

वहिनी आठ दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर दारातली तुळस आणि अंगण होते, आणि मी ते मोडले होते. पुढे विश्रामबागेच्या बाजूला, उंचावर, दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. अंगण नाही. गॅलरीत कुंडीत तुळस आहे. विसार परत मिळाला नाही. तो प्लॉट आणखी कोणी घेतला की काय, ही बोच मात्र मनातून जात नाही.

वाचकहो, तुम्ही नदीकाठच्या कोणत्याही गावात असा, तीन गोष्टी जरूर करा. घर किंवा जागा घेण्याआधी पूररेषेचा नकाशा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तुमच्या पुलावर किती फूट पाणी झाले की तुमच्या गल्लीत पाणी येते, तो आकडा घरातल्या लहानथोरांना पाठ असू द्या. आमचा आकडा ५२ आहे. आणि तो आकडा गाठण्याआधी, उजेड असताना बाहेर पडा. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली आणि माणसे बुडाली. शेवटच्या घटकेला मिळेल त्या बोटीत चढण्याची पाळी कोणावर येऊ नये.

यंदा घराला रंग दिला. रंगाऱ्याने विचारले, "ह्या रेघा पुसू का?"

दादाच पुढे झाला. "नको," म्हणाला, "त्या तेवढ्या राहू देत." आणि नवा रंग सुकल्यावर त्याने स्वतः ब्रश घेऊन तिन्ही रेघांपुढे साल नव्याने लिहिले.