बाजाराची भाषा आणि वर्गाची भाषा

वारजें आतां पुणें शहरांत पुरतें मिसळून गेलें आहे. मुठेच्या कांठचें हें एके काळचें शेतकऱ्यांचें खेडें. आज मुंबई-बंगळुरू महामार्गाच्या दोन्ही अंगांस तेथें उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांतील कित्येक बिऱ्हाडें परगांवच्या विद्यार्थ्यांचीं आहेत. आमचें एकत्र कुटुंब तेथेंच राहतें. धाकटा पुतण्या व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत, म्हणजे घरोघर परिचित झालेल्या एम. बी. ए. च्या वर्गांत आहे. त्याच्या गटांतील मंडळी अभ्यासासाठीं आमच्या घरीं जमते: एक पाटण्याचा, एक नागपूरचा, एक केरळांतील मुलगी आणि एक लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्याची कन्या. एके दिवशीं त्यांचें संभाषण ऐकून जें सुचलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

त्या सायंकाळीं विषय होता, लहान गांवांतून खाद्यतेल कसें विकावें. चर्चा अर्थातच इंग्रजींत चालली होती. लातूरची मुलगी मात्र वहींत रेघा ओढीत बसली होती. तिचें शालेय शिक्षण मराठींत झालेलें, आणि बी. कॉम. च्या परीक्षेचीं उत्तरेंही तिनें मराठींतच लिहिलेलीं. चहा घेऊन आलेल्या वहिनींनीं तिला सहज विचारलें, “काय गं, तुमच्याकडे तेल कसं घेतात?”

ती म्हणाली, “काकू, आमच्याकडं लोक आठवडी बाजारात लागंल तेवढंच घ्यायलेत. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनचे पैसे आले की मग घरात डबा येतो.”

“घ्यायलेत” या शब्दावर पुतण्या हसला. खरें सांगावयाचें तर मलाही हसूं आलें. मुलगी पुन्हा गप्प झाली. तेव्हां वहिनी पुतण्यास म्हणाल्या, “शब्दाला हसलास, अर्थ लिहून घेतलास का?”

अर्थ लिहून घेण्याजोगाच होता. मंडळींनीं मोठा डबा बाराही महिने सारखाच खपेल असें धरून सारा हिशेब मांडला होता. तो त्या दोन वाक्यांनीं कोसळला. पुतण्यानें ओशाळून तें म्हणणें हिंदींत सांगितलें. पाटण्याचा मुलगा उद्गारला कीं, त्याच्या आजोळींही भाताचें पीक हातीं येईपर्यंत असेंच चालतें. केरळच्या मुलीनें उधारीविषयीं विचारलें. त्या रात्रीं सारा कागद नव्यानें लिहिला गेला. पुढें त्या मुलीनें वहिनींस सांगितलें कीं, अभ्यासक्रम सोडून गांवीं परत जाण्याचें तिनें त्याच आठवड्यांत मनाशीं ठरविलें होतें.

वर्गाची भाषा एक आणि बाजाराची दुसरी, ही तेढ जुनीच आहे. मुंबईचें सिडनहॅम कॉलेज १९१३ सालीं निघालें. पुण्यांत डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ सालीं काढलें. तेथें वाणिज्याचे धडे इंग्रजींतून मिळत. पेठेंतला मराठी व्यापारी मात्र आपली कीर्द-खतावणी मोडींत लिही, गुजराती व मारवाडी पेढ्या आपापल्या लिपींत लिहीत, आणि गिऱ्हाइकाशीं बोलणें मराठींत होई. ज्याला गिऱ्हाइकाची बोली समजे, त्याला त्याची गरजही समजे.

या बाबतींत पुण्याचाच एक दाखला स्मरणीय आहे. फर्ग्युसन महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांनीं वसतिगृहाच्या खिडकींतून एक मुलगी एका मुलास अन्न देत असलेली पाहिली. चौकशी करतां तो मॉरिशसचा विद्यार्थी काविळीनें आजारी असल्याचें कळलें. परक्या मुलाचें हें एकाकीपण त्यांच्या जिव्हारीं लागलें, आणि १९७१ सालीं सिंबायोसिस संस्था जन्मास आली. तिची व्यवस्थापन-शिक्षणाची शाखा १९७८ सालीं निघाली. सिंबायोसिस हा वनस्पतिशास्त्रज्ञाचाच शब्द. भिन्न जातींच्या जीवांनीं एकमेकांच्या आधारानें जगणें, हा त्याचा अर्थ. नुसतें शेजारीं बसणें म्हणजे सहजीवन नव्हे.

इंग्रजी नको, असें आमचें म्हणणें नाहीं. देशोदेशींच्या व्यवहारास ती हवीच, आणि नोकरीच्या मुलाखतींत तिच्यावांचून चालत नाहीं. त्या मुलीनेंही ती कसोशीनें शिकली पाहिजे. परंतु भाषा हें विचार मांडण्याचें साधन आहे. विचार जन्मण्यापूर्वींच त्याची परीक्षा घेणें अन्यायाचें होय. गटांतील पहिली चर्चा ज्याच्या त्याच्या भाषेंत होऊं द्यावी, ती एकमेकांस समजावून सांगावी, आणि मग सर्वांनीं मिळून ती इंग्रजींत उतरवावी. परप्रांतीय विद्यार्थ्यांनींही वारज्याच्या भाजीवाल्या मावशींशीं रोज चार वाक्यें मराठींत बोलावींत. ग्राहकाचें मन जाणण्याचा तोही एक पाठच आहे.

राहतां राहिला प्रश्न आमच्यासारख्या घरांचा. शुद्ध बोलण्याचा आम्हांस अभिमान आहे, आणि त्या अभिमानापायीं दुसऱ्याच्या बोलीस हसण्याची खोडही आहे. इंग्रजीपुढें आपलीं मुलें दबतात म्हणून आपण हळहळतों. परंतु लातूरची मुलगी त्या सायंकाळीं आमच्या इंग्रजीपुढें नव्हे, तर आमच्या मराठीपुढें गप्प झाली होती. परगांवचा विद्यार्थी उंबरठ्याच्या आंत आला, कीं प्रथम त्याचें म्हणणें ऐकावें. त्याचा शब्द सुधारण्याची घाई करूं नये. तेलाचा तो कागद पुरा झाला, त्याच्या पहिल्या पानावर त्या मुलीचें नांव सर्वांत वर घालण्यांत आलें. तें पुतण्यानेंच घातलें, हें सांगतांना वहिनींस फार समाधान वाटतें.